चौथ्या मिनिटाला

आधी अंडं घे, मग विचार.
उकडलेलं आहे, तिखट वेगळं, मीठ पुडीत.
मातोंगेच्या या कोपऱ्यावर
फुकट उभं राहणाऱ्याला पोलीसही हटकतो.

तर गाण्याचा अर्थ.
शब्द तुला कळतात म्हणतोस, किन्शासातच वाढलायस,
आणि तरी वही घेऊन आलास रात्री अकराला,
चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधून.

'रात्र म्हणजे उघडी बाटली, बूच फेकून द्या,
सकाळ परक्या गावची पाहुणी,
तिला पत्ता सांगू नका.'
पुढं कंबर, अत्तर, मगरीच्या कातड्याचे बूट,
पुन्हा कंबर.
तू लिहिलंस : भोगवाद.
शब्द वजनदार आहे. खिशात घातला तर खिसा फाटेल.

बुचं मी वेचते.
पहाटे झाडताना दीड-दोनशे निघतात,
धाकटा त्यांच्यावरच बेरीज शिकला.
आणि कंबर, ती बघ, हिरव्या झग्यातली,
मादाम ओडेत.
दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेली असते.
लोक म्हणतात नाचते.
ती म्हणते, पाठ सरळ करते.
अत्तराचं मला ठाऊक नाही.

पण तू घाई करतोस.
शब्द संपले की तुम्ही शिकलेले वही मिटता.
गाणं तिथून पुढं आहे.
गिटार सुटतं, उतारावरच्या सायकलीसारखं,
गायक गाणं सोडतो आणि नावं घ्यायला लागतो.
फुकट नाही घेत.
सिमेंटवाला, हिऱ्यांचा दलाल,
ब्रुसेल्सला गेलेला कुणाचा तरी भाचा,
आणि चौथ्या मिनिटाला, ढोल दम खातो तिथं,
'एकोफो! एकोफो लोकोले!
नदीला उधार देणारा!'

तो माझा बाप.
नदीला कसलं उधार!
बंदरावर पोती वाहायचा.
या एका ओळीसाठी आईचा फ्रीज विकला त्यानं,
ज्यात ती पाण्याच्या पिशव्या गार करून विकायची.
कोमट पाणी कोण घेतं?
आई आठ महिने बोलली नाही.
हा मात्र इस्त्रीचा सदरा घालून
स्टुडिओच्या दाराबाहेर उभा,
नाव नीट घेतात की नाही ऐकायला.
'लो' जरा जास्तच लांबवला त्यांनी,
एवढीच तक्रार होती त्याची.

मग मालुकूच्या वर होडी उलटली.
पोती मोजली कंपनीनं.
माणसांची यादीच नव्हती.
कबर नाही, कागद नाही,
कागद नाही म्हणून भरपाईही नाही.
बारा वर्षं हे लोक बूच उडवतात
आणि त्याला हाक मारतात.
कुणाला माहीत नाही तो कोण.
कुणीतरी मोठा असणार, असं समजून नाचतात.

आई इथंच बसते, त्या उलट्या बादलीवर.
गाणं आवडत नाही तिला. घाण आहे म्हणते.
चौथ्या मिनिटाला तिचा हात थांबतो,
अर्धं सोललेलं अंडं तसंच.

काल वीज गेली.
बरोबर साडेतीन मिनिटांवर.
अंधारात शिव्या, खुर्च्या, एक बाटली फुटली.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
आई माझ्याकडे बघत होती,
दिसत नव्हती, पण बघत होती.
आणि आत कोपऱ्यातून एक दारुडा,
बावीस-तेवीसचा पोर असेल,
टेबलावर ढोल बडवत गाणं पुढं नेऊ लागला.
सिमेंटवाला झाला, दलाल झाला,
भाच्याचं नाव तो विसरला, शीळ घालून निभावलं,
मग एकोफो,
'लो' तस्साच लांबवून.

आई म्हणाली, त्या पोराला एक अंडं दे.
पैसे घेऊ नकोस.

तुझ्याकडून घेईन.
दोन झाली तुझी.
लिही, लिही. मीठ संपलंय, चालेल ना?